नव्या शेडची सनद

एकच काम दोघांना सांगायचं, आणि दुसऱ्यालाही सांगितलंय हे दोघांनाही कळू द्यायचं नाही, ही माझी रीत. एक विसरतो, दुसरा करतो. चुकून दोघांनी केलं तर काम दुप्पट चांगलं होतं. नवरा गेला तेव्हा आमच्याकडे दोन टब नि पत्र्याची एक खोली होती. आज हॉस्पिटलच्या चादरी, ऑपरेशनचे गाऊन, हॉटेलांचे टॉवेल, सगळं आमच्या लॉन्ड्रीत येतं. हे काही कागद रंगवून झालेलं नाही, माझ्या रीतीनं झालंय. म्हणून कोणी मला शहाणपण शिकवायला आलं की माझं डोकं तापतं. आणि आमच्या घरात शहाण्यांचा दुष्काळ कधीच नव्हता.

आमच्या इमारतीचा मालक इमारत पाडायला निघाला. वर्ष संपायच्या आत जागा खाली करा, म्हणाला. नदीपलीकडे एक रिकामी शेड मिळाली. छत उंच, मागे रुंद गल्ली, पाण्याची लाइन मोठी. मी लेकीला बाजूला घेऊन म्हटलं, "हे तू बघ. धुण्यातलं तुझ्याइतकं कोणाला कळतं?" नंतर मुलाला जेवायला वाढता वाढता म्हटलं, "हे तूच बघ बाबा. बाहेरची कामं तुझ्याशिवाय कोण करणार?" खोटं त्यातलं एकही नव्हतं.

लेक थोरली. संसार फाटला तशी घरी आली, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी मशीनपाशी उभी राहिली. तेव्हापासून धुलाई तिच्याकडे. मुलगा धाकटा, गाड्या नि गिऱ्हाइकं सांभाळतो. तोंड गोड, पाय सतत बाहेर. त्याची बायको एका मोठ्या कंपनीत आहे. ती नेमकं काय करते हे मी तिला लग्नाआधीच विचारलं होतं. म्हणाली, "काम दुसरे करतात. ते ठरल्यासारखं होतंय ना, हे मी बघते." म्हटलं, मग तू नि मी एकाच धंद्यातल्या.

एके दिवशी आम्ही सगळे शेड बघायला गेलो. मागच्या भिंतीला भलंमोठं भगदाड. ट्रक थेट आत यावा म्हणून मुलानं तिथे दार पाडायला सांगितलेलं. आणि भगदाडाच्या अगदी तोंडाशी काँक्रीटचा जाडजूड ओटा. नवीन बॉयलर बसवायला तो लेकीनं घालून घेतलेला. ट्रक आत शिरला असता तर बॉयलरलाच जाऊन कडकडून भेटला असता.

गवंडी दोघांच्या मध्ये उभा. "दोघांनीही सांगितलं, आईंनी सांगितलंय म्हणून," तो म्हणाला. "मी म्हटलं, आईंच्याच डोक्यात काहीतरी असेल."

लेक भावाकडे बोट करून माझ्याकडे वळली. "आई, तू याला काय सांगितलं होतंस?"

"छत चांगलं उंच आहे नाही?" मी म्हटलं.

"आई."

"सांगितलं असेल काहीतरी. मला काय तेवढंच काम आहे?"

मुलगा हसला. त्याला वाटलं, नेहमीसारखी थोडी चिडवाचिडवी होईल आणि मिटेल. लेक हसली नाही. तिनं हातातली टेप गुंडाळली, खिशात टाकली आणि आवाज न चढवता बोलली. तिचा आवाज चढला नाही की मला धडकी भरते.

"मला पलीकडचे हॉटेलवाले बोलावतायत. त्यांची स्वतःची लॉन्ड्री काढतायत. मी अजून हो म्हटलेलं नाही. रविवारपर्यंत ठरव, हे काम कोणाच्या हातात आहे. याच्या असेल तर तसं सांग, मी भांडणार नाही, मी जाईन. पण तू एकाच्या कानात एक सांगायचं नि दुसऱ्याच्या कानात दुसरं, हे आता माझ्याच्यानं होत नाही."

झालं. तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी. बसले की उठावंसं वाटे, उठले की कशाला उठले ते आठवेना. धुतलेल्या टॉवेलांचे ढीग मी पुन्हा रचले. लेक समोरून जायची, काम करायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. तेवढंच. घरात वारा पडला की मला गुदमरतं. ती गेली तर मशीन कोण चालवणार, हा प्रश्न नव्हता. मशीन चालवणारी माणसं मिळतात. ती एकदा घर सोडून गेली होती आणि परत आली होती. दुसऱ्यांदा गेलेलं माणूस परत येतं, असं मी कुठे पाहिलेलं नाही.

शनिवारी सून माझ्याजवळ आली. "आई, उद्या मशीन बंद असतील. तासभर सगळे बसू. आमच्याकडे काम सुरू करायच्या आधी एक कागद करतात. चार्टर म्हणतात त्याला. आपण सनद म्हणू."

"सनदा राजे द्यायचे."

"मग इथे कोण देणार, आई?"

कानामागून आली नि तिखट झाली, पण बोलायची पद्धत आहे पोरीला. मी हो म्हटलं.

रविवारी आम्ही घड्या घालायच्या लांब टेबलापाशी बसलो. मशीन बंद. त्या शांततेची मला सवय नाही, कुणीतरी मेल्यासारखं वाटतं. सुनेनं एक कोरा कागद समोर ठेवला.

"एवढाच?" मी म्हटलं. "मला वाटलं बाड असेल."

"एका पानाचाच बरा. लांबलं की कोणी वाचत नाही. काम कसं करायचं, ते यात नसतं, त्याचा आराखडा नंतर होतो. हे काम का करायचं, कुठवर करायचं आणि कोणाच्या हातात द्यायचं, एवढंच यात. खाली ज्याचा हुकूम चालतो त्याची सही. त्या सहीनं कागदात नाव असलेल्या माणसाला माणसं मागायचा, खर्च करायचा, निर्णय घ्यायचा हक्क मिळतो. सही होईपर्यंत ते काम नसतं, नुसत्या गप्पा असतात."

"दार पाडलंय, ओटा घातलाय, आणि म्हणे गप्पा."

"महागाच्या गप्पा," मुलगा म्हणाला.

सुनेनं नवऱ्याकडे नुसतं बघितलं. तो गप्प झाला. ही कला माझ्याकडून शिकली असेल तर मला आनंद आहे.

"पहिला प्रश्न," ती म्हणाली. "आपण हलतोय कशासाठी?"

"हाकलतायत म्हणून," मी म्हटलं. "यात विचारायचं काय?"

"मोठं व्हायला," मुलगा म्हणाला. "शेडमध्ये दुप्पट माल मावतो. मी तिकडच्या तीन हॉटेलांशी बोलूनही ठेवलंय."

"बोलूनही ठेवलंय?" लेक म्हणाली. "आणि धुणार कोण?"

"तू."

"ताई, तुमचं उत्तर?" सून मध्ये पडली.

लेकीनं खाली फरशीकडे बघितलं. मग म्हणाली, "फरशी. इथे पाण्याचा निचरा नाही. बायका दिवसभर पाण्यात उभ्या असतात. त्यांचे पाय बघितलेत कोणी? मला कोरडी जमीन हवी. बाकी तुमचं काय असेल ते असो."

सुनेनं पेन टेकवलं नाही. "म्हणजे एक जण मोठं व्हायला निघालाय, एक कोरडं व्हायला. आणि आईंना हाकलतायत. काम एक, पण चाललोय तीन गावांना."

मला एकदम ते भगदाड नि तो ओटा आठवला. म्हटलं, बाई गं, हे भिंतीत नंतर झालं, आमच्या डोक्यांत आधीच झालं होतं. तोंडानं मात्र मी म्हटलं, "लिही, लिही. घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं ना, आता पुढे चल."

बरीच ओढाताण झाली. शेवटी कागदावर उतरलं ते असं: चालू कामात खंड न पडता लॉन्ड्री वर्षअखेरीआधी नव्या शेडमध्ये न्यायची, आणि तिथली जमीन कोरडी राहील असा निचरा करायचा.

"आणि माझी हॉटेलं?" मुलगा म्हणाला.

"ती बाहेर. हे झालं की वेगळं काम, वेगळी सनद. काय करायचं त्यापेक्षा काय करायचं नाही हे लिहिलेलं जास्त उपयोगाला येतं. नाहीतर काम सुरू झालं की प्रत्येक जण आपलं एकेक गाठोडं त्यावर चढवतो." ती माझ्याकडे वळली. "आई, काचेची खोली आत की बाहेर?"

"कसली काचेची खोली?" लेक म्हणाली.

मी गवंड्याला सहज म्हटलं होतं, की मध्ये जरा उंचावर एक काचेची खोली काढ, म्हणजे मला बसल्या जागेवरून सगळी शेड दिसेल. सहज म्हटलं होतं. "गवंडी फार बोलतो," मी म्हटलं.

"उंटावरून शेळ्या हाकायला?" लेक म्हणाली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली, तेही माझ्यावर.

"लिही बाहेर," मी म्हटलं. "नको मला खोली. एक स्टूल तरी द्याल ना?"

काम संपलं असं कधी म्हणायचं, यावर मुलगा म्हणाला, नवा बोर्ड लागला की. लेक म्हणाली, हलताना हॉस्पिटलच्या एकाही खाटेला चादर कमी पडली नाही, आणि जुन्या जागेची किल्ली मालकाच्या हातात गेली, की. लेकीचं लिहिलं गेलं. मग सुनेनं विचारलं, या हलण्याची झळ कोणाकोणाला लागेल. आम्ही हॉस्पिटल म्हटलं, मालक म्हटलं. ती म्हणाली, "आणि कामावरच्या बायका? नदीपलीकडे त्या येणार कशा? विचारलंय कोणी?"

कोणी विचारलं नव्हतं. लेकीनंही नाही. ती खाली मान घालून बसली. मला तिला म्हणावंसं वाटलं की अगं, पाय बघितलेस, तेवढं पुरे.

काय बिघडू शकतं, यात पहिलंच नाव बॉयलरचं. नवीन बॉयलर पहिल्या दिवशी वाफ धरेल याचा काय भरवसा? म्हणून किल्ली देईपर्यंत जुना बॉयलर जागेवरच ठेवायचा, असं ठरलं. खर्चाला एक मर्यादा घातली: तिच्या आत असेल तोवर मला विचारायचं नाही, वर गेला तर माझ्याकडे यायचं. मला ते बरं वाटलं. निदान कुठेतरी माझ्याकडे यायचं होतं.

मग सुनेनं पेन फिरवून धरलं. "आता नाव. हे काम कोणाच्या हातात?"

"दोघांच्या," मी म्हटलं.

"दोघांची नावं लिहिली की ते कोणाच्याच हातात नसतं, आई."

"मग माझं लिही. बारभाईची खेती करण्यापेक्षा मी एकटी बरी."

"तुम्ही सनद देणार. तुम्हीच रोज भिंती मोजत बसलात, तर चुकल्यावर दाद कोणाकडे मागायची? आणि तुम्ही कामाला लागलात की पुन्हा एक काम दोघांना सांगाल." हे ती अगदी शांतपणे म्हणाली. "रोजच्या कामाला तुमची रीत चालते. चादर दोनदा धुतली तर स्वच्छच होते. बॉयलर दोनदा बसत नाही."

मी उठले. मशीनांच्या रांगेतून चालत गेले, एका ड्रायरचं दार उघडलं, लावलं. दुसऱ्याचं उघडलं.

"आई, बस ना," लेक म्हणाली.

"बसवत नाही मला."

मुलाला मी शब्द दिला होता. लेकीलाही दिला होता. एकाचा राखायचा तर दुसऱ्याचा मोडायचा, आणि तोही असा तोंडावर, सुनेच्या अक्षरात. आयुष्यभर मी हे टाळत आले, आणि टाळता येतं हीच माझी हुशारी होती. परत टेबलाशी आले. मुलगा माझ्याकडे बघत होता, आशेनं. लेक बघत नव्हती. टेबलावरचा कसलासा डाग नखानं खरवडत होती. तिनं माझं उत्तर आधीच धरून ठेवलं होतं, आणि ते तिच्या विरुद्ध होतं.

"लेकीचं लिही," मी म्हटलं.

खरवडणं थांबलं. तिनं मान मात्र वर केली नाही.

मुलगा उठून बाहेर गेला. मी त्याच्यामागे गेले. तो गाडीत बसला होता, गाडी सुरू न करता. मी दुसऱ्या बाजूनं चढले. ती गाडी फार उंच आहे, माझे गुडघे बोलायला लागतात.

"तू मला सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"तिलाही सांगितलंस."

"हो."

"मग त्यातलं खोटं कोणतं?"

"बोलले तेव्हा दोन्ही खरी होती."

तो हसला, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "तुला भीती वाटली, ती जाईल म्हणून तू तिला दिलंस. मी जाणार नाही हे तुला माहीत आहे."

मला उत्तर द्यायचं होतं की बाबा, बायकांचे पाय कोणाला दिसले ते बघ, काम कशानं संपतं ते कोणाला कळलं ते बघ. ते खरं होतं. पण तो म्हणाला तेही खरं होतं. मी म्हटलं, "दोन्ही आहे."

माझ्या तोंडून असलं उत्तर त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. मग म्हणाला, "गाड्या नि गिऱ्हाइकं माझ्याकडे, असं त्यात लिहायला सांग. ताईनं त्यात नाक खुपसायचं नाही."

"चल, स्वतःच सांग."

ते लिहिलं. मी सही केली, मग दोघांनी केली. लेकीनं सनदेवरचा पहिला निर्णय तिथेच, उभ्या उभ्या घेतला: ओटा फोडायचा, दार ठेवायचं. "ट्रकला आत यायला दुसरी वाट नाही. बॉयलर कुठेही बसेल."

"मग आधी कशाला घातलास ओटा?" मुलगा म्हणाला.

"दार येतंय हे मला सांगितलं होतं का कोणी?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी चहाच्या कपबशा गोळा केल्या.

पुढचे दिवस मला फार जड गेले. माणसं सवयीनं माझ्याकडे येत. गवंडी यायचा, प्लंबर यायचा, घड्या घालणाऱ्या बायका यायच्या: आई, हे कसं करायचं? उत्तर माझ्या जिभेवर तयार असे, आणि मी म्हणत असे, "तिला विचारा." ते विचारत, आणि ती भलतंच काहीतरी सांगे. कधी माझ्यापेक्षा बरं, कधी नाही. मी ओठ चावून इकडून तिकडे फिरत राही. सून एकदा म्हणाली, "आई, तुम्ही दिवसात किती चालता हो?" म्हटलं, तुझा कागद चालवतोय.

हलायचा दिवस आला. लेकीनं आधीच पुढच्या दिवसाच्या चादरी धुवून हॉस्पिटलला पोचवल्या होत्या. बायकांसाठी मुलाच्या गाडीची एक फेरी ठरवली होती. सगळं चोख. आणि दुपारी नव्या बॉयलरनं वाफ धरली नाही. काटा चढायचा, थरथरायचा, खाली यायचा. ऑपरेशनचे गाऊन भिजलेले पडून. बॉयलरवाला पाइपांना कान लावत फिरत होता. लेक त्याच्या मागे, हातात पाना.

मुलगा माझ्याजवळ आला. खाली वाकून, हळूच. ही आमची जुनी पद्धत, अशा कुजबुजीत मी अर्धी लॉन्ड्री चालवली आहे.

"आई, ताई म्हणते इथेच दुरुस्त होईपर्यंत थांबायचं. हा वेडेपणा आहे. सगळा माल गाडीत घालू, जुन्या जागी नेऊ, तिथला बॉयलर पेटवू. तू फक्त एक शब्द टाक. तुझं ऐकेल ती."

मला त्याचंच बरोबर वाटत होतं. आजही वाटतं. मी स्टुलावरून अर्धी उठलेही होते. एक शब्द टाकायचा होता, आणि तो टाकणं मला श्वास घेण्याइतकं सोपं होतं.

"खर्च ठरल्याच्या वर जातोय?" मी विचारलं.

"नाही."

"मग माझ्याकडे का आलास? तिच्याकडे जा."

"तिला सांगून झालंय."

"पुन्हा सांग. मोठ्यानं सांग. माझ्या कानात सांगून काही होणार नाही."

मी कोणी परकी बाई असल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मग गेला. बॉयलरपाशी दोघांची जुंपली. मशीनांच्या घरघरीत शब्द कळत नव्हते, हातवारे दिसत होते. त्यानं गाडीकडे बोट केलं, तिनं पाना हवेत नाचवला. हातातली उशीची खोळ मी घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होते. मग लेक थांबली. काहीतरी विचारलं. तो बोटांवर मोजून काहीतरी सांगत होता. आणि ती वळून ओरडली, "गाऊन तेवढे गाडीत टाका. गाऊन जुन्या बॉयलरवर. चादरी इथेच थांबतील."

त्याचंही सगळं नाही, तिचंही सगळं नाही. मला विचारलं असतं तर मी हे सांगितलं नसतं.

गाऊन वेळेवर गेले. नव्या बॉयलरला वाफ आली, पण उशिरा. चादरी गेल्या, पण ठरल्या वेळेनंतर. हॉस्पिटलच्या मेट्रनचा फोन माझ्याच फोनवर आला. तिला माझाच नंबर पाठ. "आज कोणाचं लक्ष होतं?" तिनं विचारलं. तिला काय काय सांगायचं ते माझ्याकडे सगळं तयार होतं, या बाईला शांत करण्यात माझी हयात गेली आहे. मी फोन लेकीच्या हातात दिला.

ती ऐकत होती. खूप ऐकावं लागलं तिला. "हो," ती म्हणाली. "माझ्याकडे आहे हे काम. खाटेला चादर कमी पडली नाही, पण उशीर झाला, तो माझा. उद्या असं होणार नाही." कपाळावरचा घाम तिनं दंडाला पुसला, फोन मला परत दिला, आणि भावाला हाक मारली. पुढच्या महिन्यात बायकांची फेरी अर्धा तास अलीकडे आणता येईल का, यावर त्यांचं सुरू झालं. तो म्हणाला, गाड्या माझ्याकडे आहेत. ती म्हणाली, म्हणून तर विचारतेय.

पुढच्या महिन्यात, म्हणाली. मी ते शब्द ऐकले. हॉटेलवाल्यांचं काय केलंस, हे मला विचारायचं होतं, आणि मी विचारलं नाही.

मला मात्र कोणी रागावलं नव्हतं. इतक्या वर्षांत लॉन्ड्रीत काही चुकलं नि बोलणी मला बसली नाहीत, असं कधी झालं नव्हतं. हात नुसते लटकत होते. मी चादरींच्या एका ढिगाशी गेले, वरचीचं टोक उचललं.

"आई, त्याला हात लावू नकोस," लेक लांबून म्हणाली. "ओला आहे तो. त्या पलीकडच्याच्या घड्या घाल."

मी टोक सोडलं. पलीकडच्या ढिगाकडे गेले.